'वेगळा' कोण, हे कोण ठरवतं?

आडवाट (धागाकर्ती)

जुळी मुलं झाली तर त्यांचं काय करायचं? प्रश्नच विचित्र वाटतो. पण एकोणिसाव्या शतकात आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, कालाबारच्या आसपास, हा जिवावरचा प्रश्न होता. तिथल्या एफिक आणि शेजारच्या समाजांत जुळं होणं अशुभ मानत. मुलांना रानात टाकून देत, आईलाही वस्तीबाहेर काढत. मेरी स्लेसर ही स्कॉटिश मिशनरी १८७६ मध्ये तिथे पोचली आणि तिनं अशी टाकलेली कितीतरी मुलं उचलून वाढवली.

त्याच देशाच्या नैर्ऋत्येला योरुबा लोक. जुळ्यांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त जिथे आहे त्यांपैकी हे एक. तिथे जुळी आली म्हणजे घराचं भाग्य उजळलं. नावंसुद्धा ठरलेली, आधी येणारं ताइवो, मागून येणारं केहिंदे. त्यांतलं एखादं दगावलं तर त्याची छोटी लाकडी मूर्ती करून घेत आणि तिला न्हाऊ-जेवू घालत. गंमत म्हणजे योरुबांच्याच तोंडी परंपरा सांगतात की कधीकाळी आमच्याकडेही जुळी मारत असत, पुढे ती रीत उलटली.

तसंच वर्णहीनतेचं, म्हणजे ज्यांच्या त्वचेत-केसांत जन्मतः रंगद्रव्य नसतं त्यांचं. पनामाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर राहणाऱ्या गुना लोकांत अशी माणसं बरीच. त्यांना चंद्राची मुलं मानत आले आहेत. चंद्रग्रहण लागलं की बाकी सगळे घरात, आणि चंद्र गिळणाऱ्या अक्राळविक्राळ प्राण्यावर बाण सोडायचा मान फक्त यांचा. टांझानियात मात्र अशाच माणसांना जीव मुठीत धरून राहायची वेळ आली.

मला यातून जे दिसतं ते असं. आपण वेगळेपणाला थेट प्रतिसाद देतच नाही. समाजानं त्या वेगळेपणासाठी एक जागा आधीच आखून ठेवलेली असते (देव्हारा म्हणा, पिंजरा म्हणा, दवाखाना म्हणा) आणि आपण समोरच्याला त्या जागेत बसवून मोकळे होतो. जागाच आखलेली नसेल तर वेगळेपण डोळ्यांत भरत नाही. डावखुऱ्यांचं बघा. जगात साधारण दहांत एक डावखुरा. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज मूळचा डावखुरा, त्याला लहानपणी बळंच उजव्या हातानं लिहायला लावलं होतं. आज निदान पुष्कळ ठिकाणी मूल कुठल्या हातानं लिहितं याकडे कुणी ढुंकून बघत नाही. हात होते तसेच आहेत. 'वेगळ्यां'च्या यादीतून त्यांचं नाव तेवढं गळलं.

तर ही यादी करतं कोण? ती बदलते कशी? जाणकारांनी भर घालावी. एकच विनंती, "अमुक लोक असेच" छापाचे सरसकट शेरे नकोत.

तिरकस

लेखन आवडलं, पण संस्कृतीला फारच श्रेय दिलंय. भीती आधी, गोष्ट नंतर. माणूस लाखो वर्षं लहान टोळ्यांत राहिला. परका म्हणजे एकतर हल्ला, नाहीतर रोगराई. अंगावर चट्टे दिसले, चाल वाकडी दिसली, बोलणं कळेना, की दोन पावलं मागे सरणारा जगला आणि मिठी मारायला धावलेला मेला. आपण सगळे त्या मागे सरणाऱ्यांची पोरं.

संस्कृती यावर फक्त रंग चढवते. कुठे देव म्हणते, कुठे भूत. दोन्हींत माणूस लांबच ठेवलेला असतो, हे लक्षात आलं का?

प्रयोगवही

@तिरकस, शेवटचं वाक्य शंभर टक्के पटलं. त्याआधीचं अर्धंच.

२००५ मध्ये ब्रिटनमध्ये गोऱ्या बाळांवर एक प्रयोग झाला. नवजात बाळांना वेगवेगळ्या वंशांचे चेहरे दाखवले तर ती कुठल्याच चेहऱ्याकडे जास्त वेळ बघेनात. तीन महिन्यांची बाळं मात्र आपल्या माणसांसारख्या चेहऱ्यांवर जास्त रेंगाळली. जन्मतः नव्हतं ते तीन महिन्यांत आलं. त्याच्या पुढच्या वर्षीचा प्रयोग मला जास्त आवडतो. इस्रायलमधली गोरी बाळं गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त बघत, इथिओपियातली बाळं काळ्या चेहऱ्यांकडे. आणि इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांतली, दोन्ही तऱ्हेचे चेहरे सतत आसपास असलेली बाळं? त्यांचा कल कुठेच नाही.

हे पुढेही बदलू शकतं. कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेली काही मुलं होती, जाताना तीन ते नऊ वर्षांची. मोठेपणी त्यांची चाचणी घेतली तेव्हा त्यांना कोरियन चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरे ओळखायला सोपे जात होते. म्हणजे 'आपल्यासारखा' कोण हे रक्तातून येत नाही, आसपासच्या गर्दीतून येतं. अर्थात बाळ एखाद्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतं म्हणजे दुसऱ्याचा द्वेष करतं असं नाही, हेही सांगायला हवं. या प्रयोगांवरून लोक वाट्टेल ते निष्कर्ष काढतात.

रोगाच्या भीतीबद्दल तुम्ही म्हणता त्यावर मानसशास्त्रज्ञ मार्क शॅलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं बरंच काम आहे. आजाराची चिन्हं दिसली की शरीर आजारी पडण्याआधीच वागणं सावध होतं, असा त्यांचा सिद्धांत. पण हा गजर फार हळवा आहे. जन्मखूण, भाजल्याचा व्रण, लठ्ठपणा, ज्यांत संसर्गाचा प्रश्नच येत नाही त्यांवरही तो वाजतो. गजर जन्मजात असेलही. तो कशावर वाजवायचा ते मात्र आपण पुष्कळसं इतरांकडून उचलतो, नाहीतर धाग्यातल्या एकाच देशातल्या दोन समाजांत जुळ्यांवरून इतका फरक पडलाच नसता.

आणि 'परका' करायला तर चट्टेसुद्धा लागत नाहीत. १९७० च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले. मुलांना सांगितलं की तुम्हाला क्लेची चित्रं आवडतात की कँडिन्स्कीची यावरून गट केलेत. प्रत्यक्षात कोण कुठे पडलं याला काही आधार नव्हता. मग पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून पुढे, आपल्या गटाला एकूण कमी मिळाले तरी चालतील पण त्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असाही हिशेब केला. कँडिन्स्की आवडणाऱ्यांमुळे कुठला रोग पसरतो ते तिरकसरावांनी सांगावं. (हलके घ्या.)

निवांत

वाचनखूण साठवली. धागा मस्त चाललाय.

कोरडवाहू

मला कोड आहे. चेहऱ्यावर, मानेवर, दोन्ही हातांवर. कामामुळे बऱ्याच देशांत राहणं झालंय, तेव्हा 'नजर' या विषयात मला अनुभवानं पीएचडी मिळायला हरकत नाही.

ढोबळमानानं दोन तऱ्हेचे समाज भेटले. पहिल्या तऱ्हेत अनोळखी माणूस थेट येऊन विचारतो. हे काय झालं? कधीपासून? लागट आहे का? मग औषध सुचवतो, त्याच्या मावसभावाला गुण आला होता तेही सांगतो. वैताग येतो. पण पाच मिनिटांत ते संपतं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस माझ्याशी पावसावर बोलतो, तिसऱ्या दिवशी पगार विचारतो.

दुसऱ्या तऱ्हेत लहानपणापासून शिकवलेलं असतं की कुणाकडे टक लावून बघू नये, परक्याला खासगी प्रश्न विचारू नयेत. संस्कार म्हणून उत्तमच. प्रत्यक्षात काय होतं? नजर माझ्या चेहऱ्यावरून घसरते आणि खिडकीत जाते. गाडी भरलेली असली तरी शेजारची जागा शेवटी भरते. सहकारी वर्षभर अत्यंत सौजन्यानं वागतात आणि वर्षअखेरीला दारूच्या नशेत एकजण विचारतो, "स्पर्शानं होतं का?" तो प्रश्न वर्षभर सगळ्यांच्या मनात होता! विचारला असता तर उत्तर दिलं असतं. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कसं देणार?

म्हणून मला स्वतःला पहिली तऱ्हा परवडते. पण हे माझं मत. कोड असलेल्यांच्या एका गटात मी आहे, तिथे यावर कायम जुंपते. एका मुलीनं लिहिलं होतं की लहानपणी रोज कुणी ना कुणी औषध सांगायचं, त्यामुळे आपण म्हणजे एक न सुटलेलं काम आहोत असं तिला वाटत राहिलं. ती आता दुसऱ्या तऱ्हेच्या देशात राहते आणि म्हणते की इथे मला पहिल्यांदा कुणी सल्ला दिला नाही, किती शांत वाटतं. तिचंही खोटं नाही.

अलीकडे तिसरी तऱ्हा सुरू झाली आहे. विनी हार्लो ही कॅनडाची मॉडेल प्रसिद्ध झाल्यापासून लोक येऊन सांगतात, "किती सुंदर दिसतं हो, जणू नकाशाच!" हेतू चांगला आहे, मान्य. पण मला नकाशा व्हायचं नाहीये. तिरकस म्हणाले तेच, देव काय नि भूत काय.

आडवाट

@कोरडवाहू, फार मोलाचा प्रतिसाद. न बघणं हीसुद्धा शिकवलेली प्रतिक्रियाच, हे माझ्या लेखात आलंच नव्हतं.

एक विचारू? लहान मुलं कशी वागतात?

कोरडवाहू

@आडवाट, मुलं सगळीकडे सारखीच. बोट दाखवतात, मोठ्यानं विचारतात. फरक पालकांत पडतो. "श्श, असं बोलू नये" म्हणून ओढून नेलं की मुलाला एवढंच कळतं की हा माणूस म्हणजे काहीतरी ज्याबद्दल बोलायचं नसतं. "त्यांनाच विचार की" म्हणणारे थोडे. मग मी सांगतो की त्वचेतला रंग तयार करणाऱ्या पेशी काही ठिकाणी नाहीशा झाल्या, दुखत नाही, तुला होणार नाही. झालं. पुढचा प्रश्न बहुतेक माझ्या बॅगेबद्दल असतो.

आरंभ

आमचं उलटं आहे. मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि बघून काही कळत नाही. आवाज, गर्दी, दिवे असह्य झाले की ती जमिनीवर बसते, कान दाबून ओरडते. अशा वेळी लोकांच्या डोक्यात 'आजार' किंवा 'वेगळी' हा शब्द येतच नाही. येतो तो 'लाडावलेली', आणि माझ्यासाठी 'वळण लावता न आलेली आई'.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्येच हा भेद मांडला होता. काहींचा कलंक समोर दिसतो, त्यांना समोरच्याचं अवघडलेपण हाताळावं लागतं. काहींचा दिसत नाही, त्यांना माहिती हाताळावी लागते. कुणाला सांगायचं, कधी, किती. कोरडवाहू पहिल्या गटात, आम्ही दुसऱ्या.

२०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर हिरव्या पट्टीवर पिवळी सूर्यफुलं असलेली गळ्यातली फीत सुरू झाली. ती घातली म्हणजे मला न दिसणारी अडचण आहे, जरा वेळ द्या. आता ती बऱ्याच देशांत आहे. आम्ही वापरतो. कर्मचाऱ्यांचा सूर बदलतो, हे नक्की. मुलगी तीच, ओरडणं तेच. आडवाट यांच्या भाषेत सांगायचं तर तिला बसवायला एक जागा मिळाली.

तिरकस

म्हणजे आधी गळ्यात बिल्ला, मग माणुसकी.

आरंभ

@तिरकस, माणुसकीची वाट बघत बसले तर विमान चुकतं. तत्त्व म्हणून मलाही बिल्ला आवडत नाही. ती मोठी झाली की घालायचा की नाही ते ती ठरवेल.

खारा वारा

जागा आखलेली नसली तर वेगळेपण दिसत नाही, असं धाग्यात म्हटलंय. याचं सगळ्यांत भक्कम उदाहरण मला माहीत आहे ते अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं मार्थाज व्हिनयार्ड बेट.

इंग्लंडच्या केंट परगण्यातून आलेल्या काही कुटुंबांबरोबर सतराव्या शतकात तिथे आनुवंशिक बहिरेपण आलं. बेटावरच लग्नं होत राहिली, तसं ते वाढत गेलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत साधारण ५,७०० माणसांमागे एक जन्मतः बहिरा असायचा. या बेटावर १५५ मागे एक आणि चिल्मार्क गावात तर २५ मागे एक. परिणाम काय झाला? ऐकू येणाऱ्यांनीही खुणांची भाषा उचलली. कुणी वर्ग भरवून शिकवली नाही, पोरं बोलायला शिकतात तशी शिकली. मग ती बहिऱ्यांपुरती राहिलीच नाही. वाऱ्यात आवाज पोचत नाही म्हणून कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीत हातांनी बोलत. शाळेत मास्तरांची पाठ वळली की पोरं हातांनी टवाळी करत. चर्चमधल्या प्रवचनाच्या वेळी तर फारच सोय.

नोरा ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०-८० च्या दरम्यान तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. एका आजींना त्यांनी दोन जुन्या गावकऱ्यांची नावं घेऊन विचारलं की या दोघांत काही सारखं होतं का. आजी म्हणाल्या, हो तर, दोघेही पट्टीचे मच्छीमार. दोघे बहिरे होते ना, असं मुद्दाम विचारल्यावर त्यांनी आठवून पाहिलं, आणि म्हणाल्या की हो, खरंच की, असावेत.

मला यात 'सहनशीलता', 'मोठं मन' वगैरे अजिबात दिसत नाही. बेटावरची माणसं काही संतमहंत नव्हती. संख्या पुरेशी होती, कामं एकत्र होती, आणि भाषा शिकण्याचा सगळ्यांनाच फायदा होता.

खुणेचीभाषा

मी बहिऱ्या मुलांना शिकवते, म्हणून राहवलं नाही. खारा वारा यांच्या गोष्टीचा शेवटही सांगायला हवा, तो गोड नाही. १८१७ मध्ये हार्टफर्डला बहिऱ्यांसाठी शाळा निघाली आणि बेटावरची मुलं तिथे जाऊ लागली. शिक्षण चांगलं मिळालं. जोडीदारही तिथेच, बेटाबाहेरचे मिळाले. त्यांच्या बहिरेपणाची कारणं निराळी, त्यामुळे पुढच्या पिढ्यांत बहिरी मुलं कमी होत गेली. शेवटची बहिरी बेटवासी बाई १९५२ मध्ये गेली, आणि तिच्याबरोबर ती भाषा जवळजवळ संपलीच. म्हणजे कुणी दुष्टपणा केला नाही तरी असं जग विरून जाऊ शकतं.

दुष्टपणा म्हणण्यासारखं घडलं ते १८८० मध्ये मिलानला. बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ठराव झाला की शाळांत खुणांची भाषा बंद, तोंडानं बोलणंच शिकवायचं. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यानंतर कितीतरी देशांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना हात मागे घेऊन बसवलं, खुणा केल्या तर शिक्षा केली. याच परंपरेतल्या परिषदेनं त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. एकशे तीस वर्षं!

यात रानटी रूढी, अंधश्रद्धा काही नव्हतं. सुशिक्षित, सुधारक, कळकळीची माणसं होती. बहिऱ्यांना 'आपल्यात आणायचं' होतं त्यांना. मला देव्हारा आणि पिंजरा यांच्यापेक्षा या चौथ्या जागेची जास्त भीती वाटते, दुरुस्तीच्या कारखान्याची.

पायवाटकर

इथे 'संस्कृती' शब्द जरा जपून वापरूया. धाग्यात टांझानियाचा उल्लेख एका ओळीत उरकलाय आणि वाचणाऱ्याच्या मनात 'आफ्रिकी अंधश्रद्धा' असं चित्र उभं राहतं.

तिथे वर्णहीन माणसांबद्दल गैरसमज जुनेच होते. पण २००७ च्या सुमारास व्हिक्टोरिया सरोवराच्या भागात जे हल्ले वाढले त्यामागे बाजार होता. खाणीत सोनं सापडावं, मासेमारीत बरकत यावी म्हणून या माणसांच्या अवयवांचे ताईत विकले जाऊ लागले. विकत घेणारे गरीब नव्हते. झटपट श्रीमंतीची घाई, कमकुवत पोलीस आणि जुनी भीती हे तिन्ही एकत्र आले. त्याच देशात २००८ मध्ये अल-शायमा क्वेगीर या वर्णहीन बाईंना राष्ट्राध्यक्षांनी संसदेत नेमलं. आणि २०१५ पासून १३ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांतर्फे वर्णहीनता जागृतीसाठी पाळला जातो. आता यांतली टांझानियाची 'संस्कृती' कुठली धरायची, खुन्यांची की संसदेची?

दुसरीकडे, सॅन फ्रान्सिस्कोनं १८६७ मध्ये कायदा केला की रोगट, विद्रूप, अपंग दिसणाऱ्यांनी रस्त्यावर स्वतःचं प्रदर्शन करू नये. मुळात तो भिकाऱ्यांना हटवायला होता. मग इतर शहरांनी उचलला. शिकागोनं तो रद्द केला १९७४ मध्ये. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर! याला कुणी 'अमेरिकी रूढी' म्हणत नाही, 'जुना कायदा' म्हणतं. लांबच्यांची ती संस्कृती आणि जवळच्यांचा तो अपवाद, हा हिशेब मला मान्य नाही.

आडवाट

@पायवाटकर, टांझानियाबद्दल पूर्ण सहमत, त्या ओळीत हे सगळं मावलं नव्हतं. तुमच्या प्रतिसादामुळे भरून निघालं. पण बाजारालाही विकायला काहीतरी लागतं. गैरसमज आधीच पेरलेला नसता तर तो ताईत कुणी घेतला नसता.

नकाशा

देशांची तुलना करणारा एक अभ्यास आठवला. मिशेल गेलफंड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३३ देशांतल्या लोकांना विचारलं की तुमच्याकडे नियम किती कडक आहेत, मोडणाऱ्याला लोक किती धारेवर धरतात. पाकिस्तान, मलेशिया, भारत, सिंगापूर घट्ट विणीच्या, म्हणजे कडक नियमांच्या, बाजूला आले, युक्रेन, एस्टोनिया, हंगेरी सैल बाजूला. त्यांचं म्हणणं असं की ज्यांच्या इतिहासात युद्धं, दुष्काळ, साथी, दाट लोकवस्ती जास्त, तिथे वीण घट्ट होते आणि वेगळं वागणाऱ्याला जागा कमी उरते.

पायवाटकर

@नकाशा, भारताला एक आकडा? रस्त्यावरच्या रहदारीबद्दल विचारलं होतं की लग्नाबद्दल?

नकाशा

@पायवाटकर, हा हा. टीका रास्त आहे. देश म्हणजे एक वीण नव्हे. शिवाय घट्ट समाजात ज्या वेगळेपणाला आधीपासून जागा आहे ते बिनघोर चालतं, जागा नसलेलं चालत नाही. सरासरीत हे दिसत नाही. पण संकटात लोक वेगळ्यांवर उलटतात ही त्यातली मधली गोष्ट मला पटते. साथीच्या काळात परक्यांना दोष देणं कुठल्या शतकात झालेलं नाही?

तळटीप

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो. उशिरा आलो, पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली. मानववंशशास्त्रज्ञ टॅनिया लुहरमन आणि सहकाऱ्यांनी गंभीर मानसिक आजार असलेल्या, कानात आवाज ऐकू येणाऱ्या साठ जणांशी बोलून अभ्यास केला. कॅलिफोर्नियातल्या सॅन मतेओचे वीस, घानामधल्या आक्राचे वीस, चेन्नईचे वीस. अमेरिकेतल्या बहुतेकांचे आवाज हिंसक, शिवीगाळ करणारे, आणि ते स्वतः त्यांना मेंदूचा बिघाड म्हणत. आक्रामध्ये अनेकांना तो देवाचा आवाज वाटे, आणि बऱ्याचदा चांगला अनुभव वाटे. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत, जे रागावत, समजावत, घरची कामं करायला सांगत! अभ्यास छोटा आहे, आणि कुठेही आजार सुखाचा होता असं त्यातून निघत नाही. पण बघणाऱ्याची प्रतिक्रिया संस्कृती घडवते इतकंच आपण इथे बोलतोय. ज्याला होतं त्याचा आतला अनुभवसुद्धा त्यातून सुटत नाही.

दुसरी गोष्ट बेल्जियममधल्या गील गावाची. सेंट डिंफ्ना या संतिणीच्या चर्चमध्ये मनोरुग्णांना बरं करायला आणत. मध्ययुगापासूनची प्रथा. चर्चमध्ये जागा पुरेना तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली, आणि ते आजतागायत चालू आहे. १९३० च्या दशकाच्या शेवटी गावात तीन हजारांहून जास्त असे पाहुणे होते. कुटुंबाला आजाराचं नाव बहुधा सांगत नाहीत. हा माणूस काय खातो, कशानं बिथरतो, कुठल्या कामात रमतो, तेवढं पुरतं. २०२३ मध्ये युनेस्कोनं या परंपरेची नोंद घेतली.

तिरकस

वा. म्हणजे जागा चांगली असू शकते. मग मला सांगा, पिढ्यान्‌पिढ्या एका घरात 'पाहुणा' म्हणूनच राहायचं, घरचा कधी व्हायचं नाही, हे तुम्हाला टोचत नाही?

तळटीप

@तिरकस, टोचतं. काहीजण पन्नास-पन्नास वर्षं एकाच घरात राहिले, यजमान आईबाप गेल्यावर त्यांच्या मुलांनी सांभाळलं. तरी कागदावर पाहुणेच. मात्र त्यांना पर्याय होता तो कोंडवाड्यासारख्या वेड्यांच्या इस्पितळाचा, हेही धरा.

सावली

जागेच्या पिंजऱ्याबद्दल दक्षिण कोरियाचं उदाहरण. तिथे मालिश करण्याचा अधिकृत परवाना फक्त दृष्टिहीनांना मिळतो. २००६ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं हे बाकीच्यांवर अन्यायकारक म्हणून रद्द केलं. दृष्टिहीन रस्त्यावर उतरले, काहींनी पुलावरून हान नदीत उड्या घेतल्या. त्याच वर्षी संसदेनं कायदा करून ही राखीव जागा परत आणली आणि २००८ मध्ये न्यायालयानं ती उचलून धरली.

बाहेरून बघणारा म्हणेल, आंधळ्याला एकच धंदा हा केवढा संकुचितपणा! आणि ज्यांचं पोट त्यावर चालतं ते त्या एका धंद्यासाठी जीव द्यायला निघाले. मी स्वतः अंशतः दृष्टिहीन आहे. मला मालिश करायची नाही, पण त्यांच्या जागी असते तर मीही मोर्चात गेले असते. बाकीचे व्यवसाय उघडायच्या आधी हा का काढून घेता?

खुणेचीभाषा

@सावली, +१००. 'सगळ्यांना सारखं' हे मिलानलाही म्हणत होते.

निवांत

@तळटीप, गीलमध्ये अजून किती लोक आहेत असे?

तळटीप

@निवांत, आता शे-दोनशेच. औषधं सुधारली, स्वतंत्र राहण्याच्या सोयी झाल्या, हा चांगला भाग. दुसरं कारण साधं आहे. पूर्वी शेतीची घरं होती, दिवसभर घरात कुणीतरी असायचं आणि जास्तीच्या दोन हातांना काम असायचं. आता नवराबायको दोघेही नोकरीला जातात. सरकार कुटुंबांना दिवसाचा भत्ता देतं, तो फार नाही. गावकऱ्यांना पाहुण्यांची भीती अजूनही वाटत नाही. दुपारी घरी थांबायला माणूस मिळत नाही, तिथे अडलंय.